किती दिवसांचं साठवायचं?

दुकानात कॅमेरे बसवायचे ठरले की पहिला प्रश्न येतो तो किती कॅमेरे लावायचे, आणि दुसरा किती मेगापिक्सेलचे. रेकॉर्डर कोटेशनच्या शेवटच्या ओळीत असतो, ‘फोर चॅनल डीव्हीआर, 1 टीबीसह’, आणि त्या ओळीकडे सहसा कुणी बघत नाही. माझ्या मते खरेदीचा विचार तिथूनच सुरू व्हायला हवा. चोरी झाल्यावर, भांडण झाल्यावर किंवा पोलीस दारात आल्यावर कामी येतं ते साठवलेलं चित्र. त्यामुळे आधी ठरवायचं ते हे, की मागचं किती दिवसांचं बघायला मिळायला हवं.

कुणी डोळ्यांदेखत वस्तू उचलून नेली तर आठवडाभराचं रेकॉर्डिंगही पुरेल. पण छोट्या धंद्यातलं बरंचसं नुकसान उशिरा लक्षात येतं. मालाची घट महिनाअखेरीस साठा मोजताना कळते. दहाऐवजी नऊच खोकी उतरवली गेली, हे पुरवठादाराचं बिल हातात आल्यावर समजतं. रस्त्यावरच्या अपघाताची तक्रार जखमी माणूस दवाखान्यातून घरी आल्यावर होते, आणि त्यानंतर पोलीस समोरच्या दुकानाचं फुटेज मागायला येतात. सराफाच्या दुकानात तर टोळीतला माणूस आधी गिऱ्हाईक बनून पाहणी करून गेलेला असतो, आणि तपासाला नेमका तोच दिवस हवा असतो. हे सगळं धरून 30 दिवस ही खालची पायरी मानावी. 45 दिवस मिळाले तर उत्तम. तुलनेसाठी सांगायचं तर पोलीस ठाण्यांमधल्या कॅमेऱ्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये, परमवीर सिंग सैनी यांच्या खटल्यात, 18 महिन्यांचं आणि कोणत्याही परिस्थितीत किमान एका वर्षाचं रेकॉर्डिंग जपायला सांगितलं आहे. दुकानाला इतक्याची गरज नाही, पण सहा-सात दिवसांत काम भागत नाही हेही तितकंच खरं.

आता हिशेब करू. तालुक्याच्या बाजारपेठेतलं हार्डवेअरचं दुकान समोर ठेवा. पुढे शटर, आत गल्ला, मागे गोदाम आणि गोदामाला गल्लीत उघडणारं दार. चार कॅमेरे, प्रत्येकी 2 मेगापिक्सेलचे. कॅमेऱ्याचं चित्र दाबून लहान करून डिस्कवर लिहिलं जातं, आणि ते दर सेकंदाला किती जागा खातं हा आकडा म्हणजे बिटरेट. एक मेगाबिट दर सेकंदाला, म्हणजे बोलण्यातला ‘एक एमबीपीएस’, दिवसभरात 10.8 जीबी होतो. हा एकच आकडा ध्यानात ठेवला तर दुकानदाराला कुणापुढे अडून राहावं लागत नाही.

बऱ्याच रेकॉर्डरमध्ये कारखान्यातून आलेली मांडणी 2 मेगापिक्सेलला 4 एमबीपीएसच्या आसपास असते. म्हणजे एका कॅमेऱ्याचे दिवसाला 43.2 जीबी, चारांचे जवळजवळ 173 जीबी. 1 टीबीची डिस्क सहाव्या दिवशीच भरते. भरली म्हणून रेकॉर्डिंग थांबत नाही. रहाटगाडग्याचे लोटे खाली जाऊन पुन्हा भरावेत तसं सर्वांत जुनं चित्र पुसलं जातं आणि त्या जागी नवं बसतं. म्हणून पडद्यावर सगळं ठीक दिसतं. आठवडा उलटल्यावर मागचं बघायला गेलं की तिथे काहीच नसतं.

इथे मोठा फरक पडतो तो कोडेकने, म्हणजे चित्र दाबण्याच्या पद्धतीने. एच.264 ही पद्धत 2003 मध्ये आली आणि एच.265 दहा वर्षांनी, 2013 मध्ये. तेवढ्याच दर्जाच्या चित्राला एच.265 साधारण निम्मी जागा घेते, कारण चित्रातला न बदलणारा भाग ती अधिक हुशारीने ओळखते. दुकानात भिंत, रॅक आणि फरशी तासन्‌तास तशीच असते, म्हणून हा फायदा दुकानदाराला पुरेपूर मिळतो. बिटरेट 2 एमबीपीएसवर आणला की चार कॅमेरे दिवसाला 86.4 जीबी घेतात. 30 दिवसांचे होतात 2592 जीबी. 3 टीबीच्या डिस्कमध्ये हे काठोकाठ बसतं, 4 टीबीत 46 दिवस मिळतात. नवा रेकॉर्डर एच.265 जाणतो, पण कॅमेरेवाल्याने मेनूत जाऊन ती पद्धत निवडलेलीच नाही, असं सर्रास आढळतं. बसवणाऱ्याला तो मेनू उघडून दाखवायला लावावं.

सेकंदाला 25 चित्रं घ्यायचीही गरज नसते. 12 ते 15 चित्रांत माणसाची हालचाल नीट समजते. गल्ल्यावर मात्र मी 15 च्या खाली जाणार नाही, कारण नोटा मोजणारा हात फार चपळ असतो. रात्री शटर पडल्यावर हालचाल झाली तरच रेकॉर्ड करायची मांडणी ठेवली तर जागा आणखी वाचते. दुकान रोज 14 तास उघडं धरलं तर त्या वेळेचे 50.4 जीबी होतात, आणि 2 टीबीच्या डिस्कवरही 39-40 दिवस निघतात. त्यात पोटनियम दोन. हालचालीच्या आधीचे काही सेकंद साठवण्याची सोय चालू असावी, नाहीतर दार उघडल्यानंतरचाच माणूस दिसतो. आणि कॅमेऱ्याची काच नियमित पुसावी. इन्फ्रारेड दिव्याच्या उबेला पावसाळ्यात किडे येतात, मागोमाग कोळी जाळं विणतो, आणि ते वाऱ्याने हललं की रेकॉर्डर रात्रभर ‘हालचाल’ म्हणून लिहीत बसतो. दिवसा दुकान चालू असताना मात्र सलग रेकॉर्डिंगच ठेवावं, तिथे कंजुषी नको.

जागा वाचवायची म्हणून दारावरच्या कॅमेऱ्याचं रेझोल्यूशन कमी करण्याचा सल्ला कुणी देईल, तो मानू नये. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखू येण्यासाठी दृश्यातल्या एका मीटर रुंदीला साधारण 250 पिक्सेल लागतात, असं कॅमेऱ्यांच्या मानकांत धरलेलं आहे. 2 मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी 1920 पिक्सेल. म्हणजे पावणेआठ मीटरपेक्षा जास्त रुंद दृश्य घेतलं की चेहरा हातचा गेला. 2.8 मिलिमीटरचं रुंद भिंग लावून दुकान, रस्ता आणि समोरच्या हॉटेलची पाटी एकाच चित्रात पकडण्याचा मोह बहुतेकांना होतो. दारापुरतं बघणारं 3.6 किंवा 6 मिलिमीटरचं भिंग घेतलं तर तितक्याच साठवणीत चेहरा मिळतो.

डिस्कबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथेच फसवणूक जास्त होते. संगणकाची साधी डिस्क रेकॉर्डरमध्ये बसते आणि चालतेही. पण एका प्रसिद्ध डेस्कटॉप डिस्कच्या माहितीपत्रकात वर्षाला 2400 तासांचा वापर गृहीत धरलेला आहे. रेकॉर्डर वर्षाचे 8760 तास चालू असतो. निगराणीसाठी बनवलेल्या डिस्क, म्हणजे वेस्टर्न डिजिटलची पर्पल किंवा सीगेटची स्कायहॉक, अखंड लिखाणासाठीच घडवलेल्या आहेत आणि वर्षाला 180 टीबी लिहिण्याचा भार त्यांना मान्य आहे. आपल्या चार कॅमेऱ्यांचं लिखाण वर्षाला 32 टीबीच्याही आत राहतं, म्हणजे डिस्क आरामात काम करते. बाजारात मात्र जुन्या, पुसून पुन्हा विकलेल्या डिस्क फार फिरतात. नवं लेबल, चकचकीत पिशवी आणि दुकानदाराची तोंडी हमी एवढ्यावर जाऊ नये. डिस्कवरचा अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की हमी कधी संपते ते तिथेच कळतं. पैसे देण्याआधी हे दोन मिनिटांचं काम करावं.

आता डीव्हीआर की एनव्हीआर, म्हणजे अॅनालॉग कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर की नेटवर्कवर चालणाऱ्या आयपी कॅमेऱ्यांचा? दुकानात आधीपासून गोल बीएनसी टोकांची वायर ओढलेली असेल, ज्याला कॅमेरेवाले ‘थ्री प्लस वन’ म्हणतात, आणि ती चांगल्या स्थितीत असेल, तर भिंती फोडू नयेत. एएचडी, टीव्हीआय, सीव्हीआय आणि जुने साधे अॅनालॉग कॅमेरे असे सगळे ओळखणारा डीव्हीआर घ्यावा. त्याला बाजारात एक्सव्हीआर म्हणतात, आणि त्यातले बरेचसे एक-दोन आयपी कॅमेरेही जोडून घेतात. वायर नव्यानेच ओढायची असेल तर आयपी कॅमेरे, एनव्हीआर आणि पीओई हा मार्ग जास्त सुटसुटीत. पीओईत नेटवर्कच्या एकाच केबलमधून वीजही जाते आणि चित्रही, 100 मीटरपर्यंत. साध्या पीओईत एका पोर्टवर 15.4 वॉट मिळतात, दुकानी कॅमेऱ्याला ते भरपूर झाले. चार पीओई पोर्ट पाठीवरच असलेला लहान एनव्हीआर घेतला की वेगळा स्विच नको, वीज पुरवणारा वेगळा एसएमपीएस नको, आणि दर कॅमेऱ्यामागे लोंबणारी डीसी पिनही नको. लहान जागेसाठी मला हीच मांडणी सर्वांत पसंत आहे.

चॅनल निवडताना पुढचा विचार करावा. चार कॅमेऱ्यांचं दुकान दोन वर्षांत सहावर जातं: पार्किंग येतं, नाहीतर शेजारचा गाळा घेतला जातो. आठ चॅनलचा रेकॉर्डर घेताना आज थोडे जास्त पैसे जातात, पण चारचा बदलताना सगळा खर्च नव्याने करावा लागतो. लहान डब्यात डिस्कला बहुधा एकच जागा असते, म्हणून ती जास्तीत जास्त किती टीबीची डिस्क घेते हे माहितीपत्रकात वाचून घ्यावं.

वायफायचा कॅमेरा आणि त्यातच मेमरी कार्ड, ही सोय टपरीला किंवा एका खोलीच्या कार्यालयाला चालून जाते. 2 एमबीपीएसने 128 जीबीचं कार्ड सहा दिवसही पुरत नाही, आणि कॅमेरा उपटून नेला की पुरावाही त्याच्याबरोबर जातो. सगळं क्लाऊडवर ठेवायचं म्हटलं तर चार कॅमेरे महिन्याला 2600 जीबी वर चढवतील. अनेक फायबर योजनांत 3300 जीबीनंतर वेग उतरतो, आणि त्याच लाइनवर दुकानाचं बिलिंग आणि यूपीआयही चालू असतं. क्लाऊडवर फक्त दाराचं आणि गल्ल्याचं, तेही हालचालीपुरतं, ठेवावं. त्याचं मोल मोठं आहे, कारण चोर आता रेकॉर्डर घेऊनच जातात.

यावर थोडं थांबायला हवं. रेकॉर्डर लहान असला की ठेवायला सोपा होतो आणि काखेत मारून पळवायलाही. दुकानदार तो गल्ल्याच्या टेबलावर, टीव्हीशेजारी, सगळ्यांना दिसेल असा ठेवतात, आणि घरफोडी करणारा पहिली वायर तिथलीच ओढतो. डबा लहान घेतल्याचा खरा लाभ तो नजरेआड ठेवण्यात आहे: गोदामातल्या कुलूपबंद लोखंडी पेटीत, किंवा वर राहतं घर असेल तर एक वायर वर नेऊन घरातच. पडदा खाली असावा, डबा वर. फक्त माळ्यावर पत्र्याखाली तो ठेवू नये. जळगाव, अकोला, चंद्रपूर भागातल्या मे महिन्यात पत्र्याखालची हवाच पन्नाशीच्या घरात जाते, त्यात लहान डब्याला बहुधा पंखा नसतो, आणि डिस्कची मर्यादा 60 ते 70 अंशांना संपते. पेटीला दोन्ही बाजूंना जाळी ठेवून हवा खेळती राहू द्यावी. कोकणात उष्णतेपेक्षा दमट हवा त्रास देते. बाहेरच्या कॅमेऱ्याचा जोड उघडा राहिला की एका पावसाळ्यात गंजतो, म्हणून प्रत्येक जोड बंद डबीत घ्यावा.

वीज हा तितकाच महत्त्वाचा विषय. दुकान बंद करताना मेन स्विच पाडायची आपल्याकडे जुनी रीत आहे, आणि आगीच्या भीतीने ती योग्यही आहे. पण त्याबरोबर कॅमेरेही बंद होतात आणि रात्रभराचं रेकॉर्डिंगच नसतं. वायरमनकडून कॅमेऱ्यांसाठी वेगळी लाइन आणि वेगळा एमसीबी काढून घ्यावा. चार कॅमेरे आणि रेकॉर्डर मिळून 30 ते 40 वॉट खातात. संगणकाच्या छोट्या यूपीएसमधली 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरची बॅटरी त्यावर तासभर टिकली तरी पुष्कळ. भारनियमनाच्या गावात 150 अँपिअर-अवरच्या इन्व्हर्टरवर हीच मांडणी दिवसभर चालते. राऊटरही त्याच लाइनवर घ्यायला विसरू नये.

इंटरनेटला जोडलेला रेकॉर्डर हा एक छोटा संगणकच असतो, आणि त्याला पासवर्ड असतो. 2016 मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने जगभरातले डीव्हीआर, कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवल्यामुळे. त्या फौजेच्या जोरावर 21 ऑक्टोबर 2016 रोजी ‘डिन’ या कंपनीवर हल्ला झाला आणि अमेरिकेतली अनेक मोठी संकेतस्थळं काही तास उघडेनाशी झाली. फेब्रुवारी 2025 मध्ये गुजरातेत राजकोटच्या एका रुग्णालयातल्या महिला रुग्णांची चित्रं बाहेर विकली जात असल्याचं उघड झालं, आणि अटक झालेल्यांत लातूर आणि सांगलीकडचे तरुण होते. छोट्या दवाखान्यांनी आणि कपड्यांच्या दुकानांनी हे मनावर घ्यायला हवं. तपासणीच्या किंवा कपडे बदलायच्या जागी कॅमेरा नकोच. बाकीच्या ठिकाणी पासवर्ड लांब असावा आणि तो मालकाच्या वहीत असावा. बसवणाऱ्या मुलाला त्याच्या मोबाइलवर कायमचा प्रवेश देऊ नये. भारत सरकारने एप्रिल 2024 मध्ये कॅमेऱ्यांच्या सुरक्षेचे नियम अधिसूचित केले आणि एप्रिल 2025 पासून ते लागू झाले. नवा कॅमेरा त्या नियमांप्रमाणे तपासलेला आहे का, हे बिलाआधी विचारावं.

राहिला पुराव्याचा भाग, आणि त्यासाठी जालन्याला जावं लागतं. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर हे कैलास गोरंट्याल यांच्यापेक्षा 296 मतांनी पुढे राहिले. खोतकरांचा अर्ज मुदतीनंतर दाखल झाला, असा वाद उच्च न्यायालयात गेला, आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं कॅमेऱ्याचं चित्रण हा त्यातला मोठा पुरावा ठरला. त्या चित्रणाच्या सीडींसोबत कायद्याने मागितलेलं प्रमाणपत्र नव्हतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं आणि 14 जुलै 2020 रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने नियम स्पष्ट केला: मूळ उपकरणच न्यायालयात आणलं तर प्रमाणपत्र लागत नाही, पण त्याची प्रत दाखवायची असेल तर प्रमाणपत्र हवंच, आणि तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही.

तेव्हाचा कायदा बदलला आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे आणि त्याचं कलम 63 हा विषय हाताळतं. प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या अनुसूचीतच दिला आहे. त्याचे दोन भाग आहेत: पहिला उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलचं हॅश मूल्य लिहावं लागतं. हॅश म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेली अक्षरांची आणि अंकांची ओळ. फाइलमधला एक ठिपका जरी बदलला तरी ती ओळ पार वेगळी येते, त्यामुळे प्रत बदललेली नाही हे दाखवता येतं.

हे रेकॉर्डर निवडण्याशी थेट जोडलेलं आहे. काही स्वस्त रेकॉर्डरमधून फुटेज फक्त त्यांच्याच वेगळ्या स्वरूपात निघतं, आणि ते लावायचं सॉफ्टवेअर सहा महिन्यांनी कुठे मिळत नाही. एमपी4 मध्ये प्रत निघते का, पेनड्राइव्हला समोरच यूएसबी पोर्ट आहे का, एका तासाची प्रत काढायला किती वेळ लागतो, हे दुकानात उभं राहून करून बघावं. मूळ स्वरूपातली प्रतही काढून ठेवावी, सोबत तिचा प्लेअरही. मोबाइलवरून पडद्याचा व्हिडिओ काढून पोलिसांना पाठवणं तपासाच्या पहिल्या तासाला उपयोगी पडतं, पण तेवढ्यावर विसंबून राहू नये. पोलीस कधी कधी आख्खी डिस्क किंवा डीव्हीआर जप्त करतात. तेव्हा पंचनाम्यात अनुक्रमांक नीट लिहिला गेला ना ते बघावं, आणि दुकानासाठी दुसरी डिस्क त्याच दिवशी टाकून घ्यावी.

रेकॉर्डरमधलं घड्याळ नाण्याएवढ्या एका बॅटरीवर चालतं. ती संपली की वीज जाऊन आल्यावर तारीख भलत्याच वर्षात जाते, आणि पुरावा कितीही स्पष्ट असला तरी त्याच्या वेळेवर प्रश्न उभा राहतो. नेटवरून वेळ आपोआप घेण्याची सोय चालू ठेवावी आणि वेळपट्टा भारताचा आहे का ते तपासावं. प्रत काढताना पडद्यावरची वेळ आणि मोबाइलची वेळ शेजारी शेजारी दिसेल असा एक फोटो घ्यावा. दोन्हींत चार मिनिटांचा फरक निघाला तर तो जबाबात लिहून द्यावा. लिहून दिलेला फरक कुणाला आक्षेपार्ह वाटत नाही, नंतर सापडलेला मात्र वाटतो.

बसवून झाल्यावर पूर्ण पैसे लगेच देऊ नयेत, थोडी रक्कम महिन्यासाठी मागे ठेवावी. एकतिसाव्या दिवशी बसवणाऱ्याला बोलावून पहिल्या दिवसाचं सकाळी अकराचं गल्ल्यावरचं रेकॉर्डिंग काढायला सांगावं. दहा मिनिटांची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी, ती दुसऱ्या संगणकावर लावावी, तारीख बघावी, नोटा मोजणारा हात दिसतो का ते बघावं. मग उरलेली रक्कम द्यावी आणि पासवर्ड त्याच्यासमोर बदलून घ्यावा.